ऐंशीच्या घरातला पियानोवादक प्रत्यक्ष ऐकताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. कान पेटी, नाट्यसंगीत आणि ख्यालावर तयार झालेला. पियानो रेकॉर्डवर बराच ऐकलेला. आता ऐंशीच्या घरातल्या एका पियानोवादकाची मैफल प्रत्यक्ष ऐकायची संधी चालून आली आहे. कुठे बसावे, काय ऐकावे, वयामुळे सुटलेले स्वर किती मनावर घ्यावेत, आणि ही आठवण पुढेही नीट राहावी म्हणून काय करावे?

आधी वाद्याची एक गोष्ट पक्की समजून घ्या, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. पियानोचा स्वर वाजला की त्याच क्षणापासून तो विझू लागतो. पेटीवर भात्याचा दाब वाढवून धरलेला स्वर फुगवता येतो, गळ्याला तर दम असेपर्यंत सगळे शक्य असते. पियानोची पट्टी साधारण १० मिलिमीटर खाली जाते. तारेवर आदळणारी हातोडी तारेपासून दीड-दोन मिलिमीटरवर असतानाच यंत्रणा तिला सोडून देते आणि उरलेले अंतर ती आपल्या वेगाने कापते. त्यानंतर बोटाने पट्टी कितीही दाबली, हलवली, तरी त्या स्वरात काही फरक पडत नाही. खर्जाची तार वीस सेकंदांहून जास्त घुमत राहते, अगदी वरच्या पट्टीचा आवाज मात्र एक-दोन सेकंदांत संपतो. मींड नाही, आस नाही. तरीही चांगला वादक वाजवतो तेव्हा ओळ गायल्यासारखी ऐकू येते. ती कशी? आधीचा स्वर जितका विझला असेल, नेमक्या त्या पातळीला पुढचा स्वर यावा एवढ्याच वेगाने तो हातोडी सोडतो. शंभरदा सोडली तर शंभरदा वेगळ्या वेगाने.

हे काम स्नायूंपेक्षा कानाचे जास्त आहे. म्हणून बोटे मंदावली तरी ते उशिरापर्यंत टिकते आणि अनेकांच्या हातात वयाबरोबर वाढतही जाते. ज्येष्ठ वादकाकडे ऐकायचे ते हेच. शूमानच्या 'किंडरझेनेन'मधले 'ट्रॉयमेराय' किंवा ब्राम्सच्या शेवटच्या काळातला एखादा इंटरमेझो (छोटी पियानोरचना) घ्या. लांब स्वर येतो आणि हवेत राहतो; तो विझत असताना पुढचा स्वर कुठल्या पातळीला येऊन मिळतो, त्या सांध्यावर कान ठेवा. सांधा कळू लागला की मैफल उलगडली.

वयाने काय जाते तेही आधी माहीत असलेले बरे. अंगठ्याच्या मुळाचा सांधा झिजतो, त्यामुळे पंजाचा आवाका कमी होतो. पूर्वी एकदम वाजणारा, दहा पांढऱ्या पट्ट्यांवर पसरलेला मोठा कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) खालून वर उलगडत वाजवावा लागतो. ट्रिल, म्हणजे शेजारच्या दोन स्वरांची झपाट्याने होणारी आलटापालट, मंदावते, चौथ्या-पाचव्या बोटाची ताकद आधी कमी होते, सलग ऑक्टेव्ह (एका सप्तकाच्या अंतरावरचे दोन स्वर एकदम) दमवतात. डोळे अधू झाले की हाताच्या लांब उड्या चुकतात. उंच कंप्रसंख्येचे स्वर कानाला हळूहळू ऐकू येईनासे होतात. पियानोचा सर्वांत वरचा स्वर ४१८६ हर्ट्झचा आहे, त्यामुळे काही वृद्ध वादक वरचा भाग नकळत जोरात वाजवतात. एखाद्याची वरची सुरावट अचानक टोकदार वाटली तर त्याचे कारण बहुधा हे असते किंवा पियानोच्या हातोड्यांचे फेल्ट (दाबलेल्या लोकरीचे आवरण) कडक झालेले असते. दुसरे कारण असेल तर तो टोकदारपणा प्रत्येक रचनेत त्याच पट्ट्यांवर आणि हळू वाजवतानाही ऐकू येतो.

या तोट्यांशी मोठ्या वादकांनी कसे जुळवून घेतले ते बघण्यासारखे आहे. आर्थर रुबिनस्टाइन यांनी शेवटची मैफल १९७६ मध्ये लंडनच्या विग्मोर हॉलमध्ये केली, वय ८९. डोळ्यांच्या मधल्या भागाची दृष्टी तोवर गेलेली होती. म्हातारपणी कसे निभावता, याचे त्यांचे उत्तर मानसशास्त्रज्ञ पॉल बाल्टेस यांनी आपल्या अभ्यासात उदाहरण म्हणून वापरले: कमी रचना निवडायच्या, त्यांचाच जास्त रियाझ करायचा, आणि वेगवान भाग यायच्या आधी लय जराशी ओढून धरायची, म्हणजे पुढचा वेग आहे त्यापेक्षा जास्त वाटतो. यातली तिसरी युक्ती तुम्हाला मैफलीत प्रत्यक्ष ऐकू येईल. कठीण तुकड्याच्या चार-सहा मात्रा आधी लय सैल पडते का, बघा. तरुण वादक बहुधा तिथेच घाई करतो.

मीचिस्वाफ होर्शोव्स्की यांची गोष्ट आपल्या लोकांना विशेष लागेल. त्यांचा जन्म १८९२ चा, म्हणजे केरीच्या केसरबाईंचाच. केसरबाई केरकरांनी १९६० च्या दशकात, सत्तरी ओलांडल्यावर, जाहीर गाणे थांबवले. लोकांच्या कानात उरेल तो आपला भरातला आवाजच, हा त्यांचा निर्णय. होर्शोव्स्की १९९१ पर्यंत वाजवत राहिले, शेवटची मैफल फिलाडेल्फियात, वयाच्या ९९ व्या वर्षी. हात लहान, दृष्टी जवळजवळ गेलेली; पण मोठ्या आवाजाचा सोस त्यांना तरुणपणीही नव्हता, म्हणून वयाने फारसे काही हिरावून घेतले नाही. आल्फ्रेड ब्रेंडेल यांनी केसरबाईंसारखी वाट धरली: डिसेंबर २००८ मध्ये व्हिएन्नात मोत्सार्टचा नववा कॉन्चेर्टो (पियानो आणि वाद्यवृंदाची रचना) वाजवून, ७७ व्या वर्षी, हात चालत असताना थांबले. माझ्या मते दोन्ही निर्णय सारखेच आदराचे. पण ऐकणाऱ्याने समोर कोण आहे हे ओळखावे. जन्मभर ताकदीवर आणि झपाट्यावर नाव कमावलेला वादक ऐंशीव्या वर्षी तोच कार्यक्रम करत असेल तर संध्याकाळ दोघांनाही जड जाते. कार्यक्रमपत्रिका हातात आली की निम्मा अंदाज तिथेच येतो.

पत्रिकेत मोत्सार्टचा ए मायनर रोंडो, शूबर्टचा शेवटचा बी फ्लॅट सोनाटा (अनेक भागांची मोठी रचना), बेटहोफेनचे शेवटचे तीन सोनाटे, शोपँचे माझुर्का, स्कार्लात्ती असे काही असेल तर निर्धास्त जा. शूबर्टचा तो सोनाटा चाळीस मिनिटांच्या आसपास चालतो, पहिल्या भागाची पुनरावृत्ती घेतली तर त्याहून जास्त. एवढा वेळ बैठक राहावी म्हणून दुपारी चहा-कॉफी जपून घ्या. कार्यक्रम तासाभराचा आणि मध्यंतराविना असेल तर तो आखडता हात समजू नका. वृद्ध शरीराला मध्यंतरात थंड पडलेले हात पुन्हा गरम करणे अवघड जाते, म्हणून अनेकजण सलग वाजवणे पसंत करतात. व्लादिमिर होरोविट्झ तर रविवारी दुपारी चार वाजताच मैफल करत, कारण ती त्यांच्या शरीराची उत्तम वेळ होती.

होरोविट्झांचे उदाहरण आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवा. १९८३ मध्ये टोकियोत त्यांची मैफल फार वाईट झाली. त्या काळात चालू असलेल्या औषधांचा परिणाम हातावर आणि स्मरणावर झाला होता. संपले, असे सगळ्यांनी धरले. २० एप्रिल १९८६ ला, ८२ व्या वर्षी, ६१ वर्षांनी मायदेशी परतून त्यांनी मॉस्को कॉन्झर्व्हेटरीच्या मोठ्या सभागृहात जे वाजवले ते आजही चित्रीकरणात पाहता येते. स्कार्लात्ती, मोत्सार्ट, स्क्र्याबिन, आणि नंतर 'ट्रॉयमेराय'. पियानो त्यांचा स्वतःचा, न्यूयॉर्कहून नेलेला. सोबत त्यांचे ट्यूनर फ्रान्झ मोर. एका वाईट संध्याकाळीवरून वृद्ध कलावंताचा हिशेब करू नये.

आता चुकांविषयी, कारण प्रश्नातला खरा काटा तिथे आहे. सगळ्या चुका एका मापाच्या नसतात. लांब उडीत शेजारची पट्टी लागणे ही सर्वांत निरुपद्रवी. ती ऐकू येते, पण ओळ तुटत नाही. मधल्या आवाजातले स्वर गाळणे ही बहुधा जाणूनबुजून केलेली काटकसर असते: वरची सुरावट आणि खर्ज शाबूत ठेवून मधला भरणा हलका करायचा. स्मरण चुकणे मात्र गंभीर. सोनाट्यात तोच विषय, म्हणजे तीच मुख्य सुरावट, आधी एका स्केलमध्ये आणि परत येताना दुसऱ्या स्केलमध्ये असतो. वळणावर चुकीचा फाटा धरला की वादक पुन्हा सुरुवातीच्या भागात जाऊन पोचतो. मुरलेला वादक तिथे थांबत नाही, चार मात्रांत काहीतरी जुळवून योग्य जागी येतो. असे झाले तर पुढची दोन मिनिटे नीट ऐका; संगीताची किती खोल जाण आहे ते त्या सावरण्यात दिसते. फ्यूगमध्ये हे सावरणे सर्वांत कठीण, कारण तीन-चार आवाज एकाच वेळी चालू असतात.

स्वरलिपी समोर ठेवून वाजवणे हा उणेपणा नाही. स्व्यातोस्लाव रिक्टर उतारवयात अंधाऱ्या सभागृहात, फक्त कागदावर पडणाऱ्या लहान दिव्याच्या उजेडात वाजवत. त्यांची स्वरांची अचूक ओळख वयाबरोबर सरकली होती: वाजवायचा एक स्वर आणि कानाला भासायचा त्याच्या वरचा. अशा कानावर विसंबून पाठ वाजवणे धोक्याचे. हल्ली कागदाऐवजी टॅबलेट असतो आणि पान पायाच्या बटणाने उलटते.

आणखी एका गोष्टीला चूक समजू नका. डावा हात क्षणभर आधी आणि उजव्या हाताची सुरावट मागून, असे सतत होत असेल तर तो जुन्या घराण्याचा रिवाज आहे. एकोणिसाव्या शतकात शिकलेले बरेच वादक असे वाजवत आणि त्यांच्या शिष्यांच्या हातात ते उतरले. खर्ज आधी वाजला की त्याच्या तारांची गुंजन उभी राहते आणि सुरावटीला खाली आधार मिळतो. तो उशीर फक्त भावपूर्ण, संथ जागी येत असेल तर रिवाज. वेगवान भागातही येत असेल तर हात जुळत नाहीत.

जागेचे गणित सरळ आहे. वादक प्रेक्षकांच्या डाव्या बाजूला बसतो, त्याची उजवी कूस आपल्याकडे. हात बघायचे तर मधल्या रेषेच्या डावीकडे बसा. ग्रँडचे, म्हणजे मोठ्या आडव्या पियानोचे, झाकण प्रेक्षकांच्या दिशेने उघडते, त्यामुळे आवाज सर्वांत स्वच्छ येतो तो मध्य ते थोडा उजवीकडे. पेटीवाल्यांना हात बघायची ओढ असते, तरी ज्येष्ठ वादकासाठी माझी शिफारस मध्यापासून किंचित डावीकडे, पाचवी ते दहावी रांग. पहिल्या दोन रांगांत स्टेज डोक्याच्या वर असल्याने आवाज वरून निघून जातो. पेडलची (स्वर घुमत ठेवणाऱ्या पायपट्टीची) खटखट आणि वादकाचा श्वास तेवढा जास्त येतो. बाल्कनी असेल तर तिची पहिली रांग उत्तम: हात दिसतात आणि आवाज एकजीव झालेला पोचतो. बाल्कनीच्या खालच्या, छत डोक्यावर आलेल्या रांगा मात्र टाळा. तिथे वरचे स्वर मरतात.

गोव्यात ऐकण्याच्या जागांचे स्वभाव फार वेगळे आहेत. पणजीच्या कला अकादमीचे, चार्ल्स कोरिया यांच्या इमारतीतले दीनानाथ मंगेशकर कला मंदिर नाटक आणि संगीत दोन्हींसाठी आहे. तिथे आवाज कोरडा-स्पष्ट येतो, सुटलेला स्वर लपत नाही. जुन्या गोव्यातल्या डोंगरावरचे कापेला दो मोंत हे छोटे चर्च, जिथे मोंत संगीत महोत्सव होतो, ते दगड-चुन्याचे. पूजागृहाच्या आत आवाज घुमत राहतो, खर्जाचे स्वर एकमेकांत मिसळतात. तिथे जितके पुढे बसाल तितके चांगले, आणि वादक पेडल नेहमीपेक्षा कमी घेत असेल तर तो जागा ओळखून वाजवतो आहे. बाहेरच्या अंगणात उलटे होते: भिंतींचा आधार नाही, आवाज वाऱ्यावर जातो, म्हणून माइक लावतात. मग तुमच्या कानावर येतो तो स्पीकर. स्पर्शाची बारीक उतरंड तिथे हरवते. अशा वेळी स्पीकरपासून दूर आणि वाद्याच्या जवळ बसावे.

वाद्याविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण आपल्या हवेत निम्म्या तक्रारी वादकावर ढकलल्या जातात आणि असतात पियानोच्या. कॉन्सर्ट ग्रँड २७४ सेंटिमीटर लांब, जवळजवळ अर्धा टन वजनाचा. सव्वादोनशेहून जास्त तारा आणि त्यांचा एकत्रित ताण सुमारे वीस टन. हा ताण तोलून धरते ती लोखंडी चौकट; तारांचा आवाज मोठा करणारी फळी, म्हणजे साउंडबोर्ड, मात्र स्प्रूसच्या पातळ लाकडाचा. हवेत ४० ते ५० टक्के आर्द्रता त्याला मानवते. आपल्याकडे पावसाळ्यात ती नव्वदीला भिडते. लाकूड फुगते, साउंडबोर्डचा उंचवटा वाढतो, तारा वर ढकलल्या जातात आणि स्वर चढतो. सगळीकडे सारखा नाही, मधल्या सप्तकांत सर्वांत जास्त, दहा सेंट (शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा दहावा भाग) किंवा त्याहूनही अधिक. पाऊस सरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात लाकूड सुकते आणि तोच भाग उतरतो. म्हणजे मैफलींचा हंगाम सुरू होतो नेमका तेव्हाच वाद्य सर्वांत अस्थिर असते.

वृद्ध वादकाला सुरापेक्षाही जास्त छळते ते पट्टीचे वजन. पट्टी खाली जायला ५० ग्रॅमच्या आसपास भार लागावा आणि बोट उचलल्यावर ती निदान २० ग्रॅम वजन परत वर ढकलू शकावी. दमट हवेत पट्टीच्या छिद्रातले आणि हातोडीच्या बिजागरीतले फेल्ट फुगते, घर्षण वाढते. भार ६० ग्रॅमवर जातो आणि परत येणे मंदावते. एका मैफलीत हजारो स्वर असतात. तरुण हाताला हे दहा ग्रॅम जाणवत नाहीत, ऐंशीच्या हाताला उत्तरार्धात कॉर्ड फुटतात आणि एकाच पट्टीवरचे वेगवान पुनरुच्चार गळतात. असे एकाच पट्टीवर वारंवार होत असेल तर दोष वाद्याचा.

तुम्ही आयोजकांपैकी कोणाला ओळखत असाल तर एवढे जरूर सांगा. पियानो सभागृहात हलवल्यावर एअर कंडिशनर मैफलीच्या तापमानाला ठेवून निदान एक पूर्ण दिवस, जमल्यास दोन दिवस, वाद्य तसेच राहू द्यावे. आदल्या दिवशी एकदा आणि मैफलीच्या सकाळी दुसऱ्यांदा ट्यूनिंग. तालमीनंतर आणि मध्यंतरात उतरलेल्या तारा दुरुस्त कराव्यात. रात्री एअर कंडिशनर बंद केला की सगळी मेहनत वाया जाते, कारण लाकूड पुन्हा ओल पिते. स्टेजचे दिवे तालमीच्या वेळीच लावावेत: तापलेली तार सैल पडून स्वर लगेच उतरतो, लाकूड मात्र तासन्‌तास वेळ घेते, आणि हे दोन वेग वेगळे असल्याने पियानो आपल्यातच बेसूर होतो. थंड झोताचे तोंड स्टेजकडे नको. वादकाची बोटे गारठतात. बाक न डुगडुगणारा, उंची सहज फिरणारा हवा. पट्ट्यांवर दिव्याची तिरीप पडू नये. विंगेतून बाकापर्यंतच्या वाटेत केबल नको, आणि आत बसायला खुर्ची व बोटे गरम करायला साधा अपराइट (उभा पियानो) असावा.

तयारी म्हणून पत्रिकेतली एक मोठी रचना निवडा आणि दोन वेगवेगळ्या वादकांकडून आठवडाभर आधी ऐका. ज्यांना ऐकायला जाणार आहात त्यांचेच तिशीतले रेकॉर्डिंग मात्र शेवटच्या दोन-तीन दिवसांत ऐकू नका. कान त्याच वेगाची वाट पाहत बसतो आणि समोर चाललेले निसटते.

दाद देण्याचा आपला रिवाज इथे आवरावा लागतो. सम गाठली की 'वाहवा' निघते, पण पियानोत स्वर विझण्याचा काळही रचनेतच मोजलेला असतो. सोनाट्याचे बहुधा तीन-चार भाग असतात. शेवटचा भाग संपून वादकाचे हात पट्ट्यांवरून मांडीवर येईपर्यंत थांबा. पाय पेडलवर असेल तर अजून संपलेले नाही. एन्कोर, म्हणजे कार्यक्रम संपल्यावरची जादा रचना, हवा असेल तर उभे राहून सलग टाळ्या वाजवा, तेवढा इशारा पुरे. दर एन्कोरसाठी विंगेपर्यंत जाऊन परत यावे लागते, ते गुडघ्यांना सोपे नसते. दोन झाल्यावर आग्रह आवरा. पार्किंगच्या घाईने मात्र एन्कोरआधी उठू नका. कार्यक्रमाचा ताण उतरलेला असतो आणि पन्नास-साठ वर्षे हातात मुरलेली छोटी चीज तिथे येते.

कधी कधी बेत मोडतो. २८ जून १९६९ ला ऑस्ट्रियातल्या ओसियाखच्या चर्चमध्ये ८५ वर्षांचे विल्हेल्म बाकहाउस बेटहोफेनचा सोनाटा वाजवताना अस्वस्थ झाले. सोनाटा अर्धाच सोडून त्यांनी शूमानच्या दोन छोट्या रचना आणि शूबर्टचा एक इंप्रॉम्प्ट्यू वाजवला. आठवड्याभरात ते गेले. तिथे बसलेल्यांना सोनाटा अपुरा मिळाला असे कोण म्हणेल?

आठवणीचे काम त्याच रात्री करा. मोबाइलवर रेकॉर्ड करून उपयोग नाही: त्याचा माइक हळू आवाज आपोआप वाढवतो आणि मोठा दाबतो, म्हणजे जे ऐकायला गेलात तेच सपाट होते. घरी पोचल्यावर, कोणाशी चर्चा करण्याआधी, वहीत अर्धे पान लिहा. 'अप्रतिम', 'दैवी' असले शब्द नकोत. तारीख, सभागृह, रांग, वाद्याची बनावट. कुठल्या रचनेत कुठल्या जागी काय झाले. लय कुठे सैल पडली. कुठला स्वर सुटला आणि कसा सावरला. बसण्याची उंची, डाव्या (आवाज मऊ करणाऱ्या) पेडलचा वापर, एन्कोर कुठले. सोबत कोणी असेल तर त्यांनीही वेगळे लिहावे आणि मग ताडून बघावे. आधी बोललात तर एकाचे ऐकणे दुसऱ्याच्या आठवणीत मिसळते. पत्रिका त्याच पानाला चिकटवा. त्या रचनेचे रेकॉर्डिंग महिनाभर लावू नका.

आणि हीच पद्धत घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी वापरता येईल. गोव्याच्या पॅरिश (चर्चच्या) शाळांत सोल्फेजियो, म्हणजे स्वरलिपी गाऊन वाचणे, शिकून मुंबईच्या वाद्यवृंदांत गेलेल्या पिढीतल्या अनेकांनी कावसजी जहांगीर हॉलमध्ये, पुढे एनसीपीए या मुंबईच्या कलाकेंद्रात, परदेशी पियानोवादक ऐकले. त्यांना 'कसे होते?' असे विचारले तर 'फार छान' एवढेच मिळते. कुठे बसला होता, सोबत कोण, पाऊस होता का, पहिली रचना कुठली, वादक चालत कसा आला, असे विचारा. जागा आणि शरीराच्या आठवणीमागून संगीत येते. सांगितलेली तारीख पणजीच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयातल्या जुन्या वर्तमानपत्रांशी ताडून बघा, आणि वर्ष जुळले नाही तरी त्यांच्या शब्दांत फेरफार न करता दुरुस्ती समासात लिहा.